लुना, लायसन्स आणि चाळीसगावचा टांगा

जयंतीची बाईक रॅली संपवून परतताना आमच्या वस्तीतल्या तिघा पोरांना नाक्यावर अडवले. दोघांकडे लर्निंग लायसन्स होते. तिसऱ्याकडे काहीच नव्हते. वय सतरा, गाडी मामाची, मागे बसलेल्याच्या हातात निळा झेंडा. मामाला बोलावून सांगितले गेले की प्रकरण कोर्टात गेले तर पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मामा बिगारी काम करतो. ती जुनी गाडीसुद्धा पंचवीस हजाराला कोणी घेणार नाही.

त्या रात्री विहारात दोन तट पडले. एक म्हणत होता, झेंडा बघून अडवले, ही जातीयता आहे. दुसरा म्हणत होता, पोरांनी कायदा मोडला, चळवळीने यात पडायचे कारण नाही. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटल्या. नाक्यावर त्या दिवशी इतरांनाही अडवत होते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण "कायदा मोडला" एवढे म्हणून गप्प बसणारेही कायदा कधी, कसा आणि कोणाला नजरेसमोर ठेवून बदलत गेला हे बघत नाहीत. आपल्याकडे आरक्षणाच्या प्रत्येक जीआरचा इतिहास तोंडपाठ असलेले कार्यकर्ते आहेत. पण आपली पोरे रोज ज्या कागदाच्या भीतीने गल्लीबोळातून गाड्या काढतात, त्या कागदाचा इतिहास कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

हिंदुस्थानभर लागू असलेला मोटार वाहनांचा पहिला कायदा 1914 चा. अठरा वर्षांखालील माणसाने सार्वजनिक जागेत मोटार चालवू नये आणि चालवणाऱ्याकडे परवाना असावा, या दोन गोष्टी तेव्हापासून चालत आल्या आहेत. त्यातला "सार्वजनिक जागा" हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. आजच्या 1988 च्या कायद्यातही तो आहे आणि त्याचा अर्थ दिला आहे: जिथे जनतेला जाण्याचा हक्क आहे असा रस्ता, वाट किंवा जागा. आता जनता म्हणजे कोण? 1914 साली हा शब्द कायद्यात आला तेव्हा आपल्या आज्या-पणज्या त्या जनतेत धरल्या जात नव्हत्या. सरकारी खर्चाने बांधलेल्या सार्वजनिक जागा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा ठराव रावबहादूर सी. के. बोले यांना 1923 मध्ये मुंबई कायदेमंडळात आणावा लागला. ठराव पास झाला तरी तळे खुले झाले नाही, त्यासाठी 1927 मध्ये महाडला जावे लागले. म्हणजे मोटार कुठे चालवावी याचा कायदा आधी झाला. आपण रस्त्यावर आणि पाणवठ्यावर जावे की नाही, हा वाद तेरा वर्षांनीही चालूच होता.

बाबासाहेबांच्या आयुष्यात वाहनाचे दोन प्रसंग आहेत. "वेटिंग फॉर अ व्हिसा" या आठवणींत ते त्यांनी स्वतः सांगितले आहेत. आपण ते अपमानाच्या कथा म्हणून सांगतो. माझी विनंती आहे की एकदा ते वाहन चालवायला शिकण्याच्या कथा म्हणून वाचा.

पहिला 1901 चा. शाळकरी भीमराव भावंडांसोबत साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाला, मसूर स्टेशनवर उतरला. पोरे महारांची आहेत कळल्यावर एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण अट अशी की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. अंधार पडायला आलेला, रस्ता अनोळखी, आणि कासरा ज्यांनी कधी धरला नाही अशा लेकरांच्या हाती. बैलांना विटाळ होत नव्हता, गाडीला होत नव्हता, भाड्याच्या पैशाला तर मुळीच होत नव्हता. विटाळ फक्त शेजारी बसून शिकवण्याला होता.

दुसरा 1929 चा, चाळीसगावचा. तोपर्यंत बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे सदस्य होते. स्टेशनवरून महारवाड्यात नेण्यासाठी लोकांनी टांगा आणला. टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला तयार होता, हाकायला नाही. मग आपल्यातलाच एक माणूस पुढे बसला. त्याने उभ्या आयुष्यात टांगा हाकला नव्हता. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर टांगा एका मोटारीवर जाता जाता वाचला. पोलिसाच्या ओरडण्यामुळे मोटारवाल्याने गाडी मागे घेतली म्हणून निभावले. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक दगडावर आदळले, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर आपटले आणि घोडा टांग्यासकट खाली नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला, शुद्ध हरपली. टांगा का उलटला आणि हाकणारा एवढा अडाणी कसा, याचा उलगडा त्यांना नंतर झाला.

त्या समाजबांधवाला दोष द्यायचा का? आजच्या भाषेत तो विनालायसन्स, विनाप्रशिक्षण प्रवासी वाहन चालवणारा आरोपी ठरला असता. त्याला त्या जागेवर बसवले कोणी, हा प्रश्न कुठल्याही चलनावर छापलेला नसतो.

1939 चा कायदा मी इथे फार खोलात सांगत नाही. तो मुख्यतः ट्रक, बस आणि परमिटांचा कायदा होता, आणि तेव्हा आपल्या वस्तीत मोटारसायकल असण्याचा प्रश्नच नव्हता. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या कलम 15(2) मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्या जोडीला "रस्ते" हा शब्द आला आणि 1955 च्या अस्पृश्यता कायद्याने रस्ता व सार्वजनिक वाहन नाकारणे गुन्हा ठरवले. पण स्वतःचे वाहन ही पुढची पायरी होती, आणि ती आपल्याकडे आली मोपेडवर बसून.

1972 मध्ये फिरोदियांच्या कायनेटिकने लुना आणली. 50 सीसीचे इंजिन, सायकलसारखे पायडल, पेट्रोल संपले तर पाय मारत घरी या. गिअर नाही, किक नाही, वजन इतके कमी की बाईमाणूसही उचलून ओट्यावर ठेवील. एलआयसीचे एजंट, प्राथमिक शिक्षक, नर्सबाई, आणि आरक्षणातून पहिल्यांदा कारकून झालेली आपली माणसे यांची ती गाडी. माझ्या वडिलांच्या सर्व्हिसमधली पहिली मोठी खरेदी लुनाच होती. लुनावरून मुलाला ज्युनिअर कॉलेजला पाठवणे हे त्या पिढीचे स्वप्न होते, आणि ते बऱ्यापैकी कायद्यात बसणारे होते.

कारण 1 जुलै 1989 पासून लागू झालेल्या 1988 च्या कायद्याच्या कलम 4 मध्ये एक सवलत होती. मोटार चालवायला अठरा वर्षे, पण विनागिअर मोटारसायकल सोळाव्या वर्षी चालवता येत होती. पालकाच्या लेखी संमतीने लर्निंग लायसन्स मिळायचे. दहावी पास झालेल्या पोराला किंवा पोरीला तालुक्याच्या कॉलेजला जाण्यासाठी हे दार उघडे होते. मग 1994 च्या दुरुस्तीने शब्द बदलला. "विनागिअर" जाऊन "50 सीसीपेक्षा जास्त नसलेली" असे झाले. कागदावर बदल चार शब्दांचा. हेतूही वाईट नसावा, कारण विनागिअर स्कूटर तोवर बऱ्याच वेगवान झाल्या होत्या, कायनेटिक होंडाचेच इंजिन 50 सीसीच्या जवळजवळ दुप्पट होते. पण पुढे काय झाले? प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, छोटी टू-स्ट्रोक इंजिने बंद पडत गेली, कंपन्या 100 आणि 110 सीसीकडे गेल्या. आज कुठल्याही शोरूमला जा आणि नवी 50 सीसीची पेट्रोल गाडी मागा. विक्रेता हसेल. मोपेड म्हणून जी विकली जाते तीही 100 सीसीच्या घरात आहे.

म्हणजे सोळा ते अठरा वयाच्या विद्यार्थ्याचा हक्क कायद्यात शाबूत आहे, लायसन्सही मिळते, फक्त ते ज्या गाडीसाठी आहे ती गाडी मिळत नाही. हक्क रद्द न करता निकामी कसा करायचा, हे आपल्याला नवीन नाही. महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव 1924 मध्ये केलाच होता की!

शहरातल्या काही घरांनी यातूनही वाट काढली आहे. ज्या विजेच्या गाडीची मोटर पाव किलोवॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आहे, ती केंद्रीय नियमांप्रमाणे मोटार वाहनच धरली जात नाही. तिला लायसन्स लागत नाही. सपाट रस्त्याच्या कॉलनीत ती ठीक. घाटरस्त्याच्या गावातून डबल सीट बारा किलोमीटर कॉलेजला जाणाऱ्या भावंडांना ती काय कामाची?

आता शिकण्याचा नियम बघा. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 3 सांगतो की शिकाऊ चालकासोबत लायसन्सधारक शिकवणारा असला पाहिजे, आणि तो गाडी आवरू किंवा थांबवू शकेल अशा जागी बसलेला पाहिजे. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल "एल" पाहिजे. मोटारसायकलवर त्या शिकवणाऱ्याखेरीज दुसरे कोणी बसवायचे नाही. नियम वाचताच कळते की लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चारचाकी होती. मोटारसायकलवर मागे बसलेला माणूस गाडी कशी आवरणार? आणि शिकवणारा आणायचा कुठून? मोटार ट्रेनिंग स्कूलच्या पाट्या गावोगाव आहेत, पण त्यांच्या दारात उभ्या असतात त्या जुन्या कार. दुचाकी आपली पोरे मोठ्या भावाकडून, गॅरेजवाल्याकडून, नाहीतर कोणाची तरी गाडी "फक्त एक चक्कर" म्हणून घेऊन शिकतात. लर्निंग मिळाल्यावर किमान तीस दिवसांनी आणि सहा महिन्यांच्या आत पक्क्या लायसन्सची चाचणी द्यायची असते. या मधल्या काळात पोराला शिकवण्याची जबाबदारी कोणत्याही सरकारी खात्याची नाही. चाचणी घेण्याची आहे, दंड घेण्याची आहे, शिकवण्याची नाही. मसूरचा गाडीवान आणि हे धोरण यांत फरक आहे हे मला मान्य आहे, पण दोघेही बाजूने चालतात आणि कासरा पोराच्या हाती देतात.

माझ्या स्वतःच्या चाचणीला मी 8 काढताना दोनदा पाय टेकला आणि नापास झालो. माझ्यानंतर आलेला एक मुलगा मैदानावर उतरलाच नाही, त्याचा एजंट उतरला. तो पास झाला. तिसऱ्या खेपेला माझे काम झाले तोवर तीन दिवसांची मजुरी गेली होती. ज्याचा बाप हातावर पोट असलेला आहे त्याच्यासाठी लायसन्सची खरी किंमत ही असते, फी नव्हे. फीही वाढलीच. डिसेंबर 2016 च्या बदलात लर्निंगचे 30 रुपयांचे 150 झाले, शिवाय चाचणीचे वेगळे, पक्क्या चाचणीचे 300, लायसन्सचे 200. रक्कम मोठी नाही असे ज्यांना वाटते त्यांनी ती खेपांच्या हिशेबाने गुणावी.

आणखी एक नियम आपल्या समाजाला जिव्हारी लागला होता, पण त्यावर मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. 2007 मध्ये व्यावसायिक वाहनाच्या लायसन्ससाठी आठवी पासची अट आली. सहावी-सातवीत शाळा सुटलेली पोरे कोणाची होती? ऊसतोड कामगारांची, वीटभट्टीवाल्यांची, पारध्यांची, आपली. त्यांना स्वतःची मोटारसायकल चालवण्याचे लायसन्स मिळत होते, पण त्या कौशल्यावरून पुढे टेम्पो-रिक्षावर पोट भरण्याचे दार बंद झाले. हरियाणा सरकारने मेवातसारख्या मागास भागाचा दाखला देऊन अट शिथिल करण्याची मागणी केली आणि 2019 मध्ये केंद्राने ती काढून टाकली. बारा वर्षे गेली. त्या बारा वर्षांत अठरा पूर्ण केलेल्यांना ती परत मिळणार नाहीत. ज्या व्यवस्थेने शाळा दिली नाही तिनेच शाळेचा दाखला मागायचा, ही युक्ती जुनीच आहे.

त्याच 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यातली सर्वांत मोठी दुरुस्ती झाली. 1 सप्टेंबरपासून विनालायसन्स गाडी चालवण्याचा दंड 500 वरून 5000 झाला. महाराष्ट्रात निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे इथे वाढीव दंड लगेच लागू झाले नाहीत. ते लागू झाले डिसेंबर 2021 मध्ये. ती तारीख आठवा. तेव्हा एसटीचा संप चालू होता, जो ऑक्टोबरअखेर सुरू होऊन पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. खेड्यातल्या विद्यार्थ्याची लाल परी आगारात उभी, शाळा-कॉलेजे दीड वर्षाच्या लॉकडाऊननंतर नुकती उघडलेली, आणि नेमके त्याच महिन्यात घरातली दुचाकी बाहेर काढण्याची किंमत दहापट. हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. ज्यांनी आदेशावर सही केली त्यांच्या घरात कोणी एसटीने जात नसावे, एवढेच म्हणतो.

या दुरुस्तीतले कलम 199 अ हे मामाला ऐकवले गेले ते. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी, तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. पालकाची संमती होती असे कोर्टाने गृहीत धरायचे, नव्हती हे पालकाने सिद्ध करायचे. ज्या अल्पवयीनाकडे लर्निंग लायसन्स आहे आणि जो त्याच प्रकारची गाडी चालवतो त्याला यातून सूट आहे. पण ती गाडी 50 सीसीची, म्हणजे बाजारात नसलेली. इथे 1994 आणि 2019 या दोन दुरुस्त्यांची गाठ पडते आणि मधे सापडतो तो अकरावीचा विद्यार्थी. पंचविशीपर्यंत लायसन्स नाही याचा अर्थ डिलिव्हरीचे काम नाही, कुरिअर नाही, मार्केटिंगची नोकरी नाही. कमावायला लागण्याची सात वर्षे गेली.

मे 2024 मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीने मोटारसायकलवरच्या दोन तरुण इंजिनिअरना चिरडले, आणि त्याला काही तासांत तीनशे शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला. लोक भडकल्यावर आदेश बदलला, वडिलांना अटकही झाली. तेव्हा कडक कलम हवे असे मीही म्हणालो होतो. आजही म्हणतो. पण पोर्शे आणि मामाची सेकंडहँड गाडी एकाच पंचवीस हजाराच्या तराजूत बसवली की पहिल्याला तो चहापाण्याचा खर्च होतो आणि दुसऱ्याचे घर गहाण पडते.

इथे कोणी विचारील, मग सोळाच्या पोरांना मोकळे सोडायचे का? अजिबात नाही. 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली, त्यातली साधारण 44 टक्के दुचाकीवरची होती. वस्तीतल्या कुठल्याही कार्यकर्त्याला विचारा, गेल्या पाच वर्षांत किती तरण्या पोरांच्या शोकसभा घेतल्या. हेल्मेट न घालता, ट्रिपल सीट, सायलेन्सर काढून "जय भीम"च्या घोषणा देत रॅली काढणे हा बाबासाहेबांचा सन्मान नाही. चाळीसगावच्या फरशीवर अडाणी हाताने त्यांचा पाय मोडला, हे तरी लक्षात ठेवा. नियम आपल्याला हवेत. आपलीच पोरे मरतात म्हणून इतरांपेक्षा जास्त हवेत.

शिवाय आपल्यासाठी मोटारसायकल ही नुसती सोय नाही, आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही, संसदेने लिहून ठेवले आहे. ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 ची दुरुस्ती झाली, ती 26 जानेवारी 2016 पासून लागू आहे. तिच्यात अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यापासून रोखणे हा गुन्हा म्हणून नोंदवला आहे, पायात चप्पल घालणे आणि वरातीत घोड्यावर बसणे यांच्या शेजारी. एकविसाव्या शतकात हे लिहावे लागले कारण ते घडत होते. अजून घडते. फेब्रुवारी 2025 मध्ये तमिळनाडूच्या शिवगंगा जिल्ह्यात बुलेट चालवतो म्हणून एका दलित कॉलेजविद्यार्थ्याच्या हातांवर शस्त्राने वार केल्याची फिर्याद झाली. डोक्यावर नाही, छातीवर नाही, हँडल धरणाऱ्या हातांवर.

म्हणून मला वाटते की या पोरांचे लायसन्स ही चळवळीची बाब आहे. एक कायदा म्हणतो, याला गाडी चालवताना कोणी अडवू नये. दुसरा म्हणतो, कागद नसेल तर अडवावे. पहिल्या कायद्याचा आधार मागायला जाताना खिशात दुसऱ्याचा कागद नसेल, तर फिर्याद घेणारा हवालदार आधी चलन फाडतो. गावगाड्यातल्या वादात हे अनेकांनी अनुभवले आहे.

पुढचा बदलही येतोच आहे. 2021 च्या नियमांनी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांची कल्पना आणली. तिथे कोर्स केला की आरटीओची चाचणी द्यावी लागत नाही. केंद्र काढायला एकर-दोन एकर जमीन, सिम्युलेटर, चाचणीचा ट्रॅक लागतो. ते कोण काढणार आणि फी कोण ठरवणार, हे सांगायला ज्योतिषी नको. पैसेवाल्याचा मुलगा कोर्स करून थेट लायसन्स घेईल, आपला रांगेत 8 काढेल. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते तेव्हा तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्या खात्याने सरकारी खर्चाने चालवली. आयटीआयच्या मैदानावर आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांत दुचाकीचे मोफत प्रशिक्षण का देता येऊ नये? तालुक्याच्या आरटीओ कॅम्पच्या तारखा वाढवा, आणि सोळा ते अठरा वयासाठी 50 सीसीचा मेलेला आकडा काढून आज मिळणाऱ्या, वेगाला मर्यादा असलेल्या विजेच्या स्कूटरचे मोजमाप घाला, या मागण्या निवेदनात लिहायला कोणी अडवलेले नाही.

तोवर आमच्या विहारात आम्ही यादी केली आहे. अठरा पूर्ण झालेली आणि लायसन्स नसलेली एकतीस पोरे निघाली, त्यात नऊ मुली. लर्निंगची परीक्षा 2021 पासून आधार कार्डावर घरूनच ऑनलाइन देता येते, त्यामुळे वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर दर बुधवारी चार-चार जणांचा सराव चालू आहे. त्या सतरा वर्षांच्या पोराच्या मामाचे प्रकरण अजून मिटलेले नाही, वकील आपलाच आहे. येत्या रविवारी शाळेमागच्या मैदानावर चुन्याने 8 आखायचा आहे. गाडी कोणाची वापरायची यावर वाद चालू आहे, कारण पडणार हे सगळ्यांना माहीत आहे.